दाराबाहेरून ऐकलेली गाणी

शेफालीदींचं नाव आधी घेते. बाकीच्यांची नावं नंतर, आणि काहींची तर घेणारच नाही. सिनेमाच्या थिएटरात वरच्या मजल्यावर बायकांची वेगळी जागा असायची, तिच्या दाराशी स्टुलावर बसणाऱ्या त्या बाई. बारीक काळ्या काठाचं पांढरं लुगडं, गालात जर्द्याचं पान, हातात टॉर्च. त्या नसत्या तर मी आज या शहरात नसते. कुठे असते, याचा विचार केला की अजूनही हातातली सुई थांबते.

परवा बटणं आणि रीळ घ्यायला एस्प्लनेडला गेले होते. येताना त्या थिएटरावरून आले. बांबूंच्या परांच्या बांधून रंगारी वर चढले होते आणि एका नव्या सिनेमाच्या नायिकेचा हात रंगवत होते. हात इतका लांब की बोटांची टोकं शेजारच्या चपलांच्या दुकानापर्यंत गेली होती. बाजूच्या बोळातून वर जाणारा जिना बायकांचा. तो तिथे नव्हता. दाराच्या जागी विटा घालून वर चुना फासला होता, ओल्या चुन्याचा वास येत होता. आता बाया कुठेही बसतात म्हणे, पुरुषांच्या शेजारीसुद्धा. लाउडस्पीकरवर गाणं लागलं होतं. माझ्या दाताखाली खडा आल्यासारखं झालं आणि मी ट्रामच्या दिशेने चालू लागले.

गाणी असलेले सिनेमे मला आवडत नाहीत. शिवणाच्या केंद्रातल्या बायका हे ऐकून हसतात. गाणी नसलेला सिनेमा आहे तरी कुठे, म्हणतात. ते खरंच आहे. मग समजा की मला सिनेमाच आवडत नाही. पण त्यातल्या मारामाऱ्यांशी माझं वाकडं नाही, आगगाड्या तर मला फार आवडायच्या. माझा राग त्या बाईवर, जी आई मेल्यावर खांबाला हात लावते आणि गाऊ लागते.

माझी आई गेली तेव्हा चुलीवर भात होता. सगळे माजघरात होते, भात उतरवायचं कुणाला सुचलं नाही. करपल्याचा वास आला तशी मी उठले, पदर नव्हता म्हणून परकराने धरून भांडं खाली ठेवलं, आणि तळाला लागलेला भात खरवडत बसले. मला गाणं सुचलं नाही. वडाच्या पारंब्यांतून सारंग्या वाजल्या नाहीत. त्यानंतर मिरजेची शाळा सुटली. सहावीचं पुस्तक अर्धं वाचून झालं होतं, त्यातली मोराची कविता राहून गेली. मग एका लांबलचक प्रवासानंतर हावड्याच्या स्टेशनात मी मामांच्या मागे मागे चालत होते, त्यांच्या कोटाचं टोक धरून. कोट सुटला तर आपण या गर्दीत कायमच्या हरवू, ही भीती मला तेव्हा वाटली. ती अजून पूर्णपणे गेलेली नाही.

मामा सरकारी कचेरीत मोठ्या जागेवर होते. बदली होऊन इथे आले होते. भवानीपूरला वरच्या मजल्यावर घर. पहाटे रस्ता धुणारे लोक चामड्याच्या नळ्यांनी पाणी मारायचे, त्याचा सपसप आवाज ऐकून मी उठायची. बादलीएवढी लोखंडी शेगडी गच्चीवर नेऊन पेटवायची. कोळशाचा पिवळा धूर सगळ्या गच्च्यांवरून एकदमच वर यायचा आणि थंडीच्या दिवसांत तिथेच अडकून राहायचा. डोळे चुरचुरायचे. मग चहा, मग पाणी भरणं, मग बाबूला उठवणं. बाबू म्हणजे मामींचा मुलगा, तेव्हा मांडीवरचाच. नारळाची शेंडी आणि कोळशाची राख घेऊन भांडी घासायला बसलं की खालच्या गल्लीतून ट्रामची घंटा यायची. राखेने नखांच्या कडा फाटायच्या. त्या भेगांमध्ये हळद गेली की बोटं पिवळी दिसायची आणि मला वाटायचं, कुणी लग्न ठरवलंय की काय आपलं.

मामींना सिनेमाचं वेड होतं. शनिवारी तीनचा खेळ. एकटीने जायचं नाही म्हणून मी बरोबर, आणि बाबूला कुणी घ्यायचं म्हणून मी बरोबर. ट्राममध्ये बायकांच्या बाकावर त्या खिडकीशी बसत, बाबू माझ्याकडे. त्या हातातलं गाण्यांचं चोपडं चाळत. थिएटराबाहेर ही पातळ चोपडी विकायला असत. त्यात गाणी पूर्ण छापलेली, पण गोष्ट अर्ध्यावर सोडलेली असे, पुढचं पडद्यावर पाहा म्हणून. मामी गाणी पाठ करत. मी गोष्ट वाचायची. तिथे थांबायची आणि पुढचं बघायला मिळेल म्हणून दर खेपेला मनात आस धरायची.

ते कधी मिळालं नाही. कारण बाबू. खोबरेल तेल, पावडर, भाजलेले दाणे आणि कुणाच्या तरी बाळाने केलेली शू यांचा वास असलेल्या त्या गार काळोखात तो शांत बसायचा. पण गाण्याचा ठोका पडला की दचकून सूर लावायचा. "ने त्याला बाहेर, ने," मामी पडद्यावरून नजर न काढता म्हणायच्या. मी उठायची. गुडघ्यांना गुडघे घासत, "सरो, सरो" ऐकत दाराशी जायची. गाणं संपलं की परत. पुन्हा गाणं, पुन्हा बाहेर. त्यामुळे मी एकाही सिनेमातली माणसं नीट ओळखू शकले नाही. आत जावं तर मघाची हसणारी बाई पांढऱ्या साडीत बसलेली. कोण गेलं, कसं गेलं, सगळं गाण्यात उरकलेलं. आणि गाणी मला ऐकू यायची ती बंद दाराच्या या बाजूने, विहिरीत तोंड घालून कुणी बोलावं तशी. शब्द नाहीत, फक्त ढोलकीचा धप धप. अजूनही गाणं म्हटलं की मला आधी तो धपधपाट आठवतो, आणि खांद्यावरची ओली लाळ.

दाराबाहेरच्या त्या अरुंद जागेत एक स्टूल, एक पाण्याचा माठ आणि शेफालीदी. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतः उठून स्टूल मला दिलं. मी घाबरले. मोठ्या माणसाचं स्टूल. बसू की नको, मामींनी पाहिलं तर. "बोशो, बोशो," त्या म्हणाल्या, आणि बाबूला माझ्याकडून काढून आपल्या खांद्यावर टाकलं. तो चक्क गप्प झाला. जर्द्याच्या वासाने की काय, कोण जाणे.

त्या नदीपलीकडच्या, आता जो दुसरा देश झाला तिथल्या. काय सोडून आल्या, कोण कोण राहिलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझंही त्यांनी विचारलं नाही. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत चालायचं. त्यांच्या हिंदीत बाई आणि बुवा असा भेद नव्हता.

"तुम रोता नहीं क्यों?" एकदा त्यांनी विचारलं. "अंदर शोब लोग रोता है. हम रोज देखता है. तुम अंदर से आता है, चोख शुकनो, आँख शुखा."

"मुझे नहीं आता," मी म्हटलं.

त्या खूप हसल्या. पान थुंकायला खिडकीपर्यंत गेल्या आणि तिथून हसतच आल्या. मग म्हणाल्या, त्यांनीही इतकी वर्षं एकही सिनेमा पाहिलेला नाही. काम असं की पडद्याकडे पाठ. कुणी उठलं तर टॉर्च दाखवायचा, कुणाचं पोर रडलं तर दार उघडायचं. त्या बघत फक्त बायकांची तोंडं, पडद्याच्या उजेडात निळी-पांढरी होणारी. "ओही हमारा सिनेमा," म्हणाल्या.

खेळ सुटला की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. खाली रस्त्यावर घराघरांतले पुरुष न्यायला आलेले असत. दरवान खालून ओरडून सांगायचा आणि शेफालीदी दारात उभ्या राहून आत हाक देत, लांब, चढत जाणारी, नावेतल्या माणसाने काठावरच्याला द्यावी तशी. "ओगो, बागबाजारेर मित्तिरबाडीर बौमा, आपनार लोक एशेछे गो..." बागबाजारच्या मित्तिरांच्या सूनबाई, तुमचं माणूस आलंय. एकेक बाई पदर सावरत उठायची, आपल्या माणसाकडे जायची. मग आमची हाक यायची: "ओगो, भोवानीपुरेर मराठी बौदी, आपनार लोक एशेछे." मामी उठत. मी मागून बाबूला घेऊन. मला ती हाक फार आवडायची. कुणीतरी आलंय, खाली उभं आहे, नाव घेऊन बोलावतंय. ती माझ्यासाठी नसे, तरी ऐकली की मी आपोआप उठून उभी राहायची. सिनेमात बायकांना रडू येतं, ते असंच काही असेल.

त्या वर्षी थंडी सरता सरता एक सिनेमा आला. अनाथ मुलीचा. मामींनी तो तीन शनिवार पाहिला. त्यात नायिका नदीकाठी भांडी घासते आणि जगात माझं कुणी नाही अशा अर्थाचं गाणं म्हणते. हे गाणं मी एकदा पुरतं पाहिलं, कारण त्या दिवशी बाबू झोपला होता. राख नाही, शेंडी नाही. नुसत्या पाण्यात घागर फिरवली की ती लखलखते. बांगड्या ठोक्यावर वाजतात. नखं लांब, कोरलेली. मला वाटलं, ही बाई भांडी घासत नाही, भांड्यांना हात लावून शपथ घेतेय. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. एकदा तरी ती पाठीमागे वळून बघेल, कुणी बघतंय का म्हणून, शेगडीवर काही ठेवलंय का म्हणून. नाही. मग मी शेजारी पाहिलं. मामी हुंदके देत होत्या. रुमाल भिजला होता. "बिचारी," त्या म्हणाल्या, "बिचारी पोर. आईवेगळी."

आणि घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाल्या, "ए, सकाळचा डेचका तसाच पडलाय. बसलीस काय, राणीसारखी?"

मी डेचका घासला. राख जास्त घेतली. त्या दिवसापासून मला त्या नायिकेचा राग येऊ लागला. माझ्या वाटचं काहीतरी ती दर शनिवारी घेऊन जात होती. मामींच्या डोळ्यांत तेवढंच पाणी असेल, आणि ते सगळं तिकडे संपत असेल, तर मला कुठून मिळणार. वेडा विचार आहे, पण माझा तो अजून बदललेला नाही.

इथल्या मराठी बायकांमध्ये तेव्हा एक प्रघात होता. कुणाचं येणं-जाणं लांबचं, कुणाच्या घरी सिनेमाला परवानगी नाही, म्हणून जिने सिनेमा पाहिला तिने तो बाकीच्यांना सांगायचा. हळदीकुंकू असो, मंगळागौर असो, खाणं झालं की "आता सांगा" असं व्हायचंच. आणि सांगण्यात मामींचा हात धरणारं कुणी नव्हतं. गाण्यांसकट सांगत. त्यांच्या तोंडून ऐकलेला सिनेमा खऱ्यापेक्षा चांगला, असं सगळ्या म्हणायच्या. मामींचा सगळा मान त्यावर होता.

चैत्रातलं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. गौर मांडली होती, कलिंगडाचं कमळ कापलं होतं. वाटलेल्या डाळीत कैरी घालून झाली होती, पन्हं मी केलं होतं. आणि मामींचा घसा बसलेला. साधा नाही, पार गेलेला. दोन दिवस गाण्याची तालीम करत होत्या, तिसऱ्या दिवशी नुसती हवा यायला लागली. बायका जमल्या. फोर्ट विल्यममधल्या मेजरांच्या बायको कुसुमताई आल्या. वकीलीणबाई आल्या. त्या तीन पिढ्यांच्या इथल्या, जन्म इथला, मराठी बोलताना मध्येच बंगालीत घसरायच्या आणि कुणालाही भीत नसत.

"तो अनाथ पोरीचा सिनेमा सांगा की," कुसुमताई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना वेळ होईल तेव्हा होईल."

मामींनी गळ्याला हात लावून मान हलवली. नुसता फसफस आवाज आला.

"ओ मा, गळा गेलाय होय? मग हिला सांगू द्या," वकीलीणबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "ही बरोबर असते ना? काय गं, दिसतं ना तुला, का डोळे मिटून बसतेस?"

बायका हसल्या. मामींनी हाताने, सांग, अशी खूण केली. तेवढंच त्यांचं चुकलं.

मी डाळीचं पातेलं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. सुरुवात मी चोपड्यात वाचली होती, तशी सांगितली: एक गाव, एक नदी, आईबाप गेलेली मुलगी. पुढचं मला ठाऊक नव्हतं. त्या वेळी मी नेहमी दाराबाहेर होते. बायका वाट बघत होत्या. मग मी म्हटलं, "तिला तिच्या मामाने आपल्या घरी आणलं."

आणि मग काही अडलं नाही.

मी सांगितलं की त्या घरी सगळ्यांचा चहा झाला की उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून तो तिला मिळे. सांगितलं की ती कोळशाच्या पोत्याजवळ निजे, आणि सकाळी तिच्या गालावरची काळी बोटं बघून घरचे हसत. तिची वेणी विंचरायला वेळ जातो म्हणून मामीने एका दुपारी कात्री घेऊन ती कापली आणि त्या केसांचं गंगावन करून आपल्या अंबाड्यात घातलं, हेही सांगितलं. बायका चक् चक् करू लागल्या. कुसुमताईंनी डोळ्याला पदर लावला. मामींनी सवयीने रुमाल बाहेर काढला होता. अंबाडा म्हटल्यावर तो रुमाल हवेतच राहिला.

"आणि साखर," मी म्हटलं. "साखर रेशनची. मामी डबा बंद करायच्या आधी साखर बोटाने सारखी करायची आणि वर श्री काढायची. कुणी चिमूटभर घेतली तरी श्री मोडेल, म्हणून. रोज डबा उघडला की आधी श्री बघायची. मुलगी एकदा तापात होती, तोंड कडू झालं होतं. ती डब्याजवळ गेली आणि ते बघून परत आली. देवाचं नाव कसं मोडायचं."

"मेली हडळ," कुसुमताई म्हणाल्या. "देवाचं नाव घेऊन पोरीला उपाशी ठेवते."

"अशीला तर चुलीत घातली पाहिजे," दुसरं कुणीतरी म्हणालं.

मामी काही बोलायचा प्रयत्न करत होत्या. ओठ हलत होते, गळ्याची शीर उभी राहिली होती, आणि आवाज नव्हता. नुसती हवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. इतके दिवस माझा आवाज गेलेला होता आणि त्यांचा होता. एक दुपार उलटं झालं. मी पुढे सांगत गेले, सावकाश, घाई न करता, जशा त्या सांगायच्या. गाण्याची जागा आली की म्हणायची, "इथे एक गाणं आहे, ते मी ऐकलेलं नाही."

"मग त्या मामीचं काय झालं शेवटी?" वकीलीणबाईंनी विचारलं.

"शेवट मी पाहिला नाही. बाबूला घेऊन बाहेर होते."

गौरीपुढची समई चुरचुरली. वकीलीणबाईंनी पन्ह्याचा पेला ओठाला लावला, तोंड वाकडं केलं. पन्हं त्या दिवशी आंबट झालं होतं. मीच केलं होतं. "अगं बाई, दात आंबले. बसा, बसा तुम्ही," त्या मामींना म्हणाल्या, कारण मामी एकदम उठायला लागल्या होत्या, पण मांडीवर बाबू झोपला होता. "मी आणते साखर. परकी आहे का मी?"

जाळीच्या कपाटाला एरवी कुलूप असे. त्या दिवशी पाहुण्या यायच्या म्हणून ते काढलेलं होतं. कपाटाचं दार वाजलं. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कसलाच आवाज नाही.

वकीलीणबाई डबा दोन्ही हातांत धरून बाहेर आल्या, नैवेद्याचं ताट आणावं तसा, आणि बायकांच्या मधोमध सतरंजीवर ठेवला. पांढरीशुभ्र साखर, वर बोटाने काढलेलं सुबक श्री. वेलांटी जरा ऐटीत वर गेलेली.

"मला बाई मोडवेना," त्या म्हणाल्या. "राहू दे, आंबटच पिते."

एकेक जण कुंकू लावून उठली. ओटी न घेता कुणी गेली, कुणी डाळ तशीच ठेवली. कुसुमताईंनी जाताना माझ्या डोक्यावरचा पदर मागे सारला, आखूड केसांवरून हात फिरवला आणि मामींच्या अंबाड्याकडे बघत जिना उतरल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी तो सिनेमा पाहिला. त्यात मामी नव्हतीच. एक प्रेमळ आत्या होती, ती गाईला गोंजारत गाणं म्हणायची. ही बातमी सगळ्या मराठी घरांत फिरली. त्यानंतर मामींना सिनेमा सांगा असं कुणी म्हटल्याचं मला ठाऊक नाही.

मला वाईट वाटलं का, असं विचारतात. नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. ती दुपार मी कधी कधी रात्रीची भाकरी खाताना तोंडी लावायला घेते.

त्या संध्याकाळी मामा माझ्याशी बोलले ते भिंतीकडे बघून. नागपूरला त्यांच्या ओळखीत एक बिजवर आहेत, तिथे पाठवायचं, असं. दुसऱ्या दिवशी दुपारी, घर झोपलं असताना, आईची एक साडी पिशवीत घालून खाली उतरले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी ट्राममध्ये बसले. उलट्या दिशेने तर जात नाही ना, म्हणून प्रत्येक थांब्याला मान वळवून मैदान शोधत होते. या शहरात मला एकच दार माहीत होतं. त्या दाराशी जाऊन उभी राहिले.

शेफालीदींनी खांद्याकडे पाहिलं. बाबू नव्हता. हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग उठून स्टूल दिलं. आत गाणं चालू होतं, धप धप धप. मी बसून राहिले. खेळ सुटला. त्या दारात उभ्या राहिल्या आणि एकेका घराला हाक देत गेल्या. बायका उतरत गेल्या, जिना रिकामा झाला. आतले दिवे लागले, रिकाम्या खुर्च्या दिसायला लागल्या. आता मला जा म्हणणार, आणि कुठे जायचं ते मला सांगता येणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या टॉर्च पिशवीत टाकून माझ्यासमोर आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि सगळ्या रिकाम्या थिएटराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडल्या:

"ओगो मराठी मेये, तोमार लोक एशेछे गो!"

मी घाबरून खाली पाहिलं, मामा आले की काय म्हणून. खाली कुणी नव्हतं. वर पाहिलं तर त्या हसत होत्या.

मग यादवपूरच्या पलीकडची ती वस्ती, जिथे सगळे पलीकडून आलेले. बांबूच्या चटयांच्या भिंती, पावसात तळं होणारं अंगण, हातपंपाचा लोखंडी वास. त्यांची निजायची एक लाकडी चौकी होती, अर्धी मला. जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी एकच, तिचा मोठा भाग माझ्याकडे असायचा. दाराशी एक झाड होतं. शरदात सकाळी त्याच्या खाली पांढऱ्या फुलांचा, केशरी देठांचा सडा पडलेला. मी म्हटलं, हा तर आमचा प्राजक्त. त्या म्हणाल्या, हे तर मी, आमच्याकडे याला शेफाली म्हणतात. त्या वस्तीतल्या बायकांचं शिवणकामाचं केंद्र होतं, तिथे त्यांनी मला हाताला धरून नेलं. शाळेतल्या मुलींचे फ्रॉक शिवता शिवता मी इथलीच झाले.

मामा एकदाच आले. चिखलातून बूट उचलत. "घरी चल," म्हणाले, "झालं ते झालं."

"मामींचा घसा कसा आहे?" मी विचारलं.

ते बूट उचलत परत गेले. पुढे त्यांची बदली झाली असं ऐकलं.

माझ्या खोलीत आज साखरेचा डबा आहे. त्याला झाकण नीट बसत नाही. त्यात मुंग्या होतात, ओला चमचा जातो, ज्याला हवी तो घेतो. मी साखर कधी सारखी करत नाही.

बायकांची जागा बंद झाली तशी शेफालीदींची नोकरीही गेली. त्या आता अंगणात बसून पापड वाळवतात, कावळ्यांना बंगालीत शिव्या देतात. परवा मी चुन्याचा वास नाकात घेऊन घरी आले, दार बुजवलं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, आता मराठी मिसळलेल्या बंगालीत, "एकदा तरी आत बसून बघायचा राहिला. तोंड तिकडे करून. गाण्यांसकट."

हे त्या पहिल्यांदा म्हणाल्या नाहीत. दर पूजेला म्हणतात. आणि दर पूजेला मी म्हणते, कालीघाटला नेते, पुरीला नेते, काशीला नेते, तिथे नाही. त्या बाईचं भांडी घासणं मी पुन्हा बघणार नाही. "तोमार बड्डो राग," त्या म्हणतात आणि पापड उलटतात.

राग आहे. तो मी सोडणार नाही, तो माझा आहे. पण परवा ट्राममध्ये वाटत होतं की मामींवरचा राग मी काढला कुणावर. ज्या बाईने मला स्टूल दिलं, तीच इतकी वर्षं पडद्याकडे पाठ करून बसली आहे, आणि आता माझ्यामुळे बसली आहे.

तेव्हा शेफालीदी, हे लिहून ठेवते. मी तुम्हाला नेईन. बोळातल्या जिन्याने नाही, समोरच्या दाराने. चांगल्या मधल्या रांगेत बसवीन, पान खाऊ देईन, कुणाचं पोर रडलं तरी उठू देणार नाही. गाणी मला आवडतील, असं कबूल करत नाही. मी पडद्याकडे पाठ करून तुमचं तोंड बघत बसेन, निळं-पांढरं होताना. आणि शेवट तुम्ही मला सांगा, कारण मी अजून एकही पाहिलेला नाही. खेळ संपला, दिवे लागले की मी आधी उठून दारात जाईन, आणि लोक हसले तरी हसोत, तिथून हाक देईन, तुमच्यासारखीच लांब, चढत जाणारी: ओगो जादवपुरेर शेफालीदी, आपनार लोक एशेछे गो.